भागिरथीबाईंचं पेव

माझ्या सासूबाई, भागिरथीबाई, सापाला भीत नव्हत्या. घरात निघालेला नाग काठीनं हळूहळू दाराबाहेर ढकलत नेऊन, ‘जा बाबा, तुझ्या वाटंनं जा,’ म्हणून सोडून देताना मी त्यांना पाहिलंय. त्या पाटलाला भ्यायल्या नाहीत, फौजदाराला भ्यायल्या नाहीत आणि मी माहेराहून आणलेल्या तिखट जिभेला तर मुळीच भ्यायल्या नाहीत. पण अवेळी आभाळ भरून आलं की त्या हातातलं काम टाकून उठायच्या. भाकरी तव्यावर करपायची आणि त्या दारात उभ्या राहून टेकाडाकडं बघत बसायच्या.

टेकाडावर आमचं पेव होतं. आता पेव म्हणजे काय, हे नव्या पोरांना सांगावं लागतं. घट्ट मुरमाड जमिनीत खोल खड्डा खणायचा, तोंड माणूस जेमतेम आत उतरेल एवढंच, आत पोट मोठं. तळाला आणि कडेनं कडबा-भुसा लावायचा, ज्वारी ओतायची, वर फरशी ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. वारा नाही, पाणी नाही, उंदीर नाही. ज्वारी वर्षानुवर्षं टिकते. फक्त भाकरीला एक आंबूस वास येतो आणि तो वास मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही.

मी पडले कोल्हारची. प्रवरेचं पाणी, कालवे, उसाचे फड. दुष्काळ आम्ही पेपरात वाचायचो. माझ्या बापानं मुलगा सुप्याच्या कारखान्यात कामाला आहे एवढं बघितलं, गाव बघितलंच नाही. गाव जामखेडच्या अंगाला, बालाघाटाच्या पायथ्याशी, जिथं पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि चहा न घेताच जातो. बौद्धवस्तीत आमचं घर, मागं वतनातली थोडी जमीन आणि तिच्या टोकाला ते टेकाड. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी मला देव्हारा दाखवावा तसं ते पेव दाखवलं. देव्हारा आमच्यात नव्हताच म्हणा.

“ह्यो दगूड दिसतूय का? ह्याच्या खाली आपलं पोट हाय,” त्या म्हणाल्या.

मला हसू आलं. “आत्याबाई, आता रेशनवर गहू मिळतो की. जमिनीत पुरून कशाला ठेवायचं?”

“रेशनचा गहू दुसऱ्याच्या हातात ऱ्हातो, पोरी.”

त्या एवढंच बोलल्या. बाकीचं मला हळूहळू कळलं, आणि कळल्यावर माझी जीभ जरा आवरली.

छप्पन साली धर्मांतर झालं, तेव्हा माझे सासरे रखमाजी मिसरूड फुटलेले होते. त्याआधी आमच्या वस्तीचं पोट गावाच्या खळ्यावर अवलंबून. रास झाली की खळ्यावर उभं राहायचं, पदरात पडेल ते घ्यायचं. धर्मांतरानंतर वस्तीनं ते बंद केलं. गावानं मग काम बंद केलं. त्या उपाशी वर्षात रखमाजींनी एकट्यानं टेकाडावर पेव खणलं. भरायला दाणा नव्हता, तरी खणलं. पुढं भागिरथीबाई लग्न होऊन आल्या आणि दोघांनी मिळून ते भरलं. गावातल्या बड्यांची पेवं होती, त्यात एक आमचं. सासऱ्यांना त्याचा भारी अभिमान होता.

मग गावात हायब्रीड आलं. सरकारचा माणूस जीपमधून आला, चावडीपुढं बोलला की देशाला धान्य कमी पडतंय, हायब्रीड ज्वारी पेरा, दुप्पट-तिप्पट रास लागेल. त्यात खोटं काही नव्हतं. रास लागली. सासऱ्यांनी पेवातली गावरान ज्वारी उपसून विकली आणि बी-खत आणलं. हायब्रीड पेवात टिकत नाही, लवकर किडतं, म्हणून तेही विकत गेले. पेव पहिल्यांदा रिकामं झालं. आणि मग आला बहात्तरचा दुष्काळ.

सगळी वस्ती खडी फोडायला गेली. कामावर वाटलेली सुकडी खाल्ली, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्ली. सासूबाईंच्या अंगावर पिणारी एक लेक होती. दूध आटलं. खडीच्या ढिगाशेजारी, फडक्याच्या सावलीत ती गेली. सासूबाई हे सांगायच्या तेव्हा रडायच्या नाहीत, फक्त आवाज खाली जायचा. “पेव भरल्यालं असतं तर माझ्या अंगात दूध राह्यलं असतं,” असं म्हणायच्या. खरं असेल, नसेल. पण त्या दिवसापासून पेव रिकामं म्हणजे लेकरू मेलं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. पुढं माझे सासरे गेले, दीर नव्हताच, माझा नवरा सम्राट एकटा मुलगा. पेव मात्र कधी रिकामं राहिलं नाही. जुनं काढायचं, वस्तीत वाटायचं, नवीन भरायचं. गावातल्या इतरांनी आपली पेवं कधीच बुजवून टाकली होती.

रेडिओवर बातम्यांत सांगायचे, देश अन्नधान्यात स्वयंपूर्ण झालाय, गोदामं भरून वाहतायत. सासूबाई भाकरी थापता थापता विचारायच्या, “देश म्हंजी त्यात आपल्याला धरलंया का?” मी म्हणायचे, “धरलं असेल की.” त्या म्हणायच्या, “असंल म्हनती! तुला ठावं न्हाई म्हन की.”

सत्त्याण्णव साल उजाडलं ते अशाच वाईट तोंडानं. मृग कोरडा गेला. मग रेडिओवर एक नवीन नाव ऐकू यायला लागलं, एल निनो. सुट्टीवर आलेल्या सम्राटनं आईला समजावून सांगितलं की लांब कुठंतरी समुद्राचं पाणी तापलंय, त्यामुळं आपला पाऊस बिघडलाय. सासूबाईंनी त्याच्याकडं डोळे बारीक करून बघितलं. “समुद्र कुटं, आपुन कुटं! आपन त्याचं काय घोडं मारलंय?” आम्ही दोघंही हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यांना ती गोष्ट मनापासून खरी वाटली होती, म्हणूनच त्या घाबरल्या होत्या. आपल्या शेतावरचं आभाळ आपल्याला न दिसणाऱ्या ठिकाणाहून हलवलं जातंय, हे त्यांना सहन होईना.

त्याच वर्षी रेशनचं धोरण बदललं. आतापर्यंत सरसकट मिळणारं स्वस्त धान्य आता खऱ्या गरिबांनाच मिळणार, आणि खरा गरीब कोण ते सरकार ठरवणार. घरात सुप्याचा पगार येतो म्हणून आम्ही गरिबीतून वर निघालो. कारखाना वर्षातून चार महिने बंद असायचा, ते कोणी विचारलं नाही. पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले होते. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि उठून टेकाडाकडं गेल्या. फरशीवर हात ठेवून बराच वेळ बसल्या.

आणि मग दिवाळी उलटल्यावर, शाळू गुडघ्याला आलेला असताना, पाऊस सुरू झाला. थंडीच्या दिवसांत आषाढासारखी झड. तूर फुलोऱ्यात झडून गेली, कपाशी काळी पडली, शाळूवर चिकटा आला. दिवसामागून दिवस ओल. भिंतींना बुरशी, सरपणाला बुरशी. कोल्हारहून भाऊ आला होता, तो म्हणाला, “आमच्याकडं ऊस आडवा झालाय, कांद्याची रोपं सडली.” म्हणजे कालव्याचं पाणी असलेलं माझं माहेरही सुटलं नव्हतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा सासूबाईंची भीती माझ्या पोटात उतरलेली जाणवली. सायली तेव्हा वर्षाची होती. ती माझ्या अंगावर प्यायची आणि मी तिच्याकडं बघत बसायचे.

सासूबाईंना आता एकच घोर लागला. टेकाडावरचं लिंपण पावसानं धुऊन गेलं होतं, फरशीच्या कडेला फट पडली होती. पेवात पाणी गेलं असेल का? त्या दिवसातून कितीदा तरी वर जायच्या, फटीला नाक लावायच्या, कान लावायच्या. मी म्हणायचे, “आत्याबाई, उघडून बघा ना एकदा.” तर म्हणायच्या, “उघाडलं आन् नासल्यालं निगालं तर?” न उघडावं तर झोप नाही, उघडावं तर धीर नाही. खायचं त्यांनी जवळजवळ सोडलं. अर्धी भाकरी पदराखाली झाकून ठेवायच्या आणि ती सायलीला भरवायच्या.

कारखाना बंद पडल्यामुळं सम्राट घरी आला होता. पावसानं उघडीप दिली, ऊन पडलं, तसा तो म्हणाला, “आये, आज उघाडू. जे आसंल ते आसंल.”

पेव उघडायची रीत होती. भर दुपारी उघडायचं, तोंड मोकळं ठेवून आतला दम जाऊ द्यायचा, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर माणूस उतरवायचा नाही. पेवातल्या कोंडलेल्या हवेनं माणसं मेलेली आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक असतात. उतरणाऱ्याच्या छातीला दोर बांधायचा आणि वरच्यानं सारखं विचारायचं, “हाय का?” आतल्यानं म्हणायचं, “हाय.” उत्तर आलं नाही की ओढायचं.

आम्ही सगळं रीतीनं केलं. शेजारच्या शेतातला कानिफनाथ पाट्या ओढायला आला होता. फरशी सरकवली. वास आला, पण तो नेहमीचाच आंबूस वास वाटला. कंदील सोडला, तो ज्वारीवर टेकला आणि जळत राहिला. वरची ज्वारी कोरडी, पिवळसर, दाणा दाणा मोकळा. सासूबाईंनी मूठभर दाणे वर मागवले, चावून बघितले आणि त्यांचे डोळे भरले. “चांगली हाय,” त्या म्हणाल्या. “रश्मी, चांगली हाय गं.” मला त्या दिवशी त्या वासाचाही राग आला नाही.

चूक इथंच झाली, आणि ती कोणा एकाची नव्हती. कंदील वरच्या ज्वारीला विचारून आला होता. पाणी तर कडेनं झिरपून तळाशी गेलं होतं. वरची कोरडी ज्वारी झाकणासारखी बसली होती आणि तिच्याखाली सगळं आंबत होतं. पेव कायम कोरडंच असणार, अशा हिशेबानं केलेली ती रीत. थंडीत आषाढ पडेल, हे ती घालून देणाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

सम्राट आत उतरला. एक पाटी, दुसरी पाटी, ज्वारी वर येत होती, तो खाली खाली जात होता. सासूबाई तोंडाशी पालथ्या पडून विचारत होत्या.

“हाय का?”

“हाय.”

मग तो म्हणाला, “आये, जवारी पायाला गरम लागतीया.”

सासूबाई आणखी आत वाकल्या. “वर ये. आत्ता वर ये.”

“थांब गं, येवढी पाटी भरतो. दोर लई मधी मधी येतूय, सोडलाय मी.”

“सम्राट! वर ये म्हनलं ना!”

“आलो.”

“हाय का?”

उत्तर आलं नाही.

“हाय का? आरं, हाय का?”

कानिफनाथनं दोर ओढला. मोकळं टोक वर आलं. मी आत वाकले. सम्राट ज्वारीवर बसल्यासारखा दिसत होता, डोकं गुडघ्यावर टेकलेलं, जसा दमून बसलाय. त्या गरम, कुजक्या हवेचा एक भपका माझ्या तोंडावर आला आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. तरीही मी पाय आत टाकला. मला दुसरं काही सुचतच नव्हतं. सासूबाईंनी मला मनगटाला धरून मागं ओढलं आणि जमिनीवर आपटलं. एवढा जोर त्या वाळक्या हातात कुठून आला कोण जाणे.

“सोडा मला! ते मरतील!”

“तू गेलीस तर तू बी मरशील. मग कानिफनाथ उतरंल, त्यो बी मरंल. असंच मरत्यात समदी!” त्या ओरडल्या. कानिफनाथ खरंच डोक्याचं मुंडासं सोडून उतरायच्या तयारीत होता. सासूबाई पेवाच्या तोंडावर आडव्या झाल्या. त्यांचा स्वतःचा मुलगा खाली होता आणि त्या वाट अडवून पडल्या होत्या. त्या घडीला मला त्यांचा जीव घ्यावासा वाटला, हे खरं आहे.

मग त्या म्हणाल्या, “कानिफनाथ, टिकाव घे. खालच्या अंगानं फोड.”

टेकाडाची एक बाजू ओघळीनं खाल्ली होती. पेवाची भिंत तिथं पातळ झाली होती, हे त्यांना माहीत होतं. त्या भिंतीचीच तर त्यांना रोज काळजी. कानिफनाथ जागचा हलला नाही. “काकू, पेव जाईल,” तो म्हणाला. “समदी जवारी चिखलात जाईल.”

“जाऊ दे! फोड!”

तो खाली धावला. मी पहार घेतली आणि त्याच्यामागं धावले. ज्या पावसानं घात केला, त्यानंच मुरूम भिजवून मऊ केला होता. टिकाव भसाभस आत जात होता. वर सासूबाईंनी लिंबाचा डहाळा दोरीला बांधून पेवात खालीवर, खालीवर चालवला होता, आतली हवा ढवळायला, आणि सारख्या हाका मारत होत्या. त्यांचा आवाज फाटला होता. आत काहीच हालचाल नव्हती. मी पहार मारत होते आणि मनात सायलीचं तोंड येत होतं, दुसरं काही नाही.

भिंत फुटली. आधी काळी, गिळगिळीत, दारूसारख्या वासाची ज्वारी भळाभळा बाहेर आली, तिच्यामागून वरची पिवळी, चांगली ज्वारी. कमरेएवढ्या धारेनं ती ओघळीत उतरत होती. आम्ही तिच्यात हात घालून चाचपत होतो. एक पाय लागला. दोघांनी मिळून ओढलं. सम्राट निळा पडला होता, तोंडात दाणे होते. कानिफनाथनं त्याला पालथा घातला, पाठीवर बुक्क्या मारल्या. सासूबाई टेकाडावरून घसरत खाली आल्या, त्याच्या तोंडात बोट घालून दाणे काढले आणि छातीवर डोकं टेकलं. मग तो ओकला. तो ओकला आणि मी तिथंच चिखलात बसून मोठ्यानं रडले.

वस्तीतली माणसं पोती घेऊन धावत आली, निदान वरची ज्वारी तरी गोळा करावी म्हणून. तेवढ्यात पुन्हा थेंब पडायला लागले. सगळे सासूबाईंकडं बघत होते, कुठून उचलायचं, काय वेगळं करायचं, ते त्यांनी सांगावं म्हणून. त्यांनी मान वर केली नाही. पोराच्या तोंडावर पदर धरून बसून राहिल्या. ज्वारी डोळ्यांदेखत ओघळीतून वाहत गेली.

सम्राट वाचला. जामखेडच्या दवाखान्यात काही दिवस काढून घरी आला. महिनाभर त्याला नावं आठवायला वेळ लागायचा, पण वाचला. वाळवून-निवडून हाताला लागलेली ज्वारी संक्रांतीपर्यंत पुरली. शेतात काही उरलं नव्हतं. संक्रांतीनंतर एका सकाळी सासूबाई म्हणाल्या, “पिशवी घे. रेशनला जाऊ.”

रेशनच्या रांगेत सासूबाई जन्मात पहिल्यांदाच उभ्या राहिल्या. तोवर रेशन आणायचं काम सम्राटचं किंवा माझं. डोक्यावरचा पदर पुढं ओढून, मान खाली घालून त्या उभ्या होत्या आणि माझं मनगट त्यांनी घट्ट धरलं होतं. त्यांची नखं मला रुतत होती. खळ्यावर पदर पसरून उभ्या राहिलेल्या बायांत त्यांची आईही असणार, असं माझ्या मनात आलं.

आमचा नंबर आला. दुकानदार आप्पासाहेब माणूस वाईट नव्हता. कार्ड बघून म्हणाला, “दारिद्र्यरेषेच्या वरच्यांचा गहू अजून आला नाही. पुढच्या आठवड्यात चक्कर टाका.”

“आन् पुडच्या आठवड्यात न्हाई आला तर?” सासूबाईंनी विचारलं.

“येतोय हो, आजी. सरकारी गोदामं भरलेली आहेत. ते काय तुमचं पेव आहे बुडायला?”

रांगेतली दोन-चार माणसं हसली. सासूबाईंनी पदर मागं सारला आणि त्याच्याकडं सरळ बघितलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

“त्या गोदामाच्या तोंडाशी कोन बसलंया, बाबा? आतल्याला हाका कोन मारतंय?”

आप्पासाहेबानं कार्ड परत माझ्या हातात दिलं आणि मागच्याला पुढं बोलावलं. आम्ही रिकामी पिशवी घेऊन घरी निघालो. सबंध रस्ताभर त्यांनी माझं मनगट सोडलं नाही, आणि मीही ते सोडवून घेतलं नाही.